बलवानाने कोणाला विचारावे?

१ राजे, १२ व्या अध्यायातील रहबामाची गोष्ट आपण शब्बाथशाळेत शिकवितो ती बहुधा अशी: राजपुत्राने वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकला, बरोबरीच्या तरुणांचे ऐकले आणि राज्य दुभंगले, म्हणून मुलांनो, मोठ्यांचे ऐकत जा. धडा वाईट नाही. पण अध्याय नीट वाचला म्हणजे एक गोष्ट खटकते. रहबाम काही उतावळा नव्हता. शखेमास जमलेल्या लोकांनी जू हलके करण्याची विनंती केली तेव्हा त्याने तीन दिवसांची मुदत मागून घेतली. शलमोनाच्या पदरी राहिलेल्या वृद्धांना त्याने विचारले, नंतर तरुणांनाही विचारले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याने विचारविनिमय केला, आणि तो एकदा नव्हे, दोनदा केला. तरीही तो चुकला.

सहाव्या आणि नवव्या वचनांत बारीकसा फरक आहे. वृद्धांना तो विचारतो की, या लोकांना काय उत्तर द्यावे. तरुणांना विचारताना मूळ इब्री वचनात त्याच्या तोंडी ‘आपण’ काय उत्तर द्यावे असा बहुवचनी प्रयोग येतो. म्हणजे प्रश्न विचारण्यापूर्वीच तो त्यांच्यात जाऊन बसलेला आहे. जे आपल्यासारखेच बोलणार हे ठाऊक आहे त्यांना विचारणे, याला मसलत म्हणावे की आरशात पाहणे म्हणावे?

ज्याला अडविणारा कोणी नाही अशा बलवानाने इतरांना का विचारावे, कोणाला विचारावे आणि उत्तर ‘नाही’ असे आले तर काय करावे, हा प्रश्न राजांचा होता तसा राष्ट्रांचाही आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना तर तो गेली शंभर वर्षे छळतो आहे. त्या देशाच्या पुढाऱ्यांनी शास्त्राचा आधार जितक्या वेळा घेतला तितका क्वचितच दुसऱ्या कोणी घेतला असेल. म्हणून ख्रिस्ती वाचकाने त्या इतिहासाकडे पाहणे गैर ठरणार नाही.

आरंभ एका पाळकाच्या मुलापासून होतो. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे वडील प्रेस्बिटेरियन पाळक होते. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली पॅरिसच्या तहात विल्सन यांनी राष्ट्रसंघाची योजना गोवून घेतली. भांडणाऱ्या राष्ट्रांनी शस्त्र उचलण्यापूर्वी एकत्र बसावे, सर्वांच्या सुरक्षिततेची जबाबदारी सर्वांनी घ्यावी, ही त्यामागील कल्पना. संघाच्या घटनेला त्यांनी ‘कव्हेनंट’, म्हणजे करार, हे नाव दिले. प्रेस्बिटेरियन घरात वाढलेल्या माणसाच्या कानांत तो शब्द लहानपणापासून असणार.

पण जगाला सहकार्य शिकविणाऱ्या या सद्गृहस्थाला घरी सहकार्य जमले नाही. पॅरिसला जाताना त्यांनी सिनेटचा एकही सभासद बरोबर घेतला नाही. तहाला सिनेटची दोन-तृतीयांश मते लागणार होती. हेन्री कॅबट लॉज यांच्या पुढारपणाखाली रिपब्लिकन सभासदांनी काही अटी सुचविल्या, त्या विल्सन यांनी झिडकारल्या. लोकांचे मन वळविण्यासाठी आगगाडीने हजारो मैलांचा दौरा काढला. २५ सप्टेंबर १९१९ रोजी कोलोरॅडोतील प्वेब्लो येथील भाषणानंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि आठवड्याभरातच पक्षाघाताचा झटका आला. रोगशय्येवरूनही त्यांनी आपल्या पक्षाला कळविले की, अटींसह तह मतास आला तर विरोधात मत द्या. १९ मार्च १९२० रोजी ४९ विरुद्ध ३५ मते पडली. सात मते कमी पडली आणि जिच्या अध्यक्षाने राष्ट्रसंघ कल्पिला ती अमेरिका त्यात कधीच गेली नाही. लॉज यांचे हेतू शुद्ध होते असे मला म्हणावयाचे नाही. परंतु सत्कार्य करणाऱ्यालाच ‘मला आता कोणाला विचारण्याची गरज नाही’ असे किती सहज वाटू लागते, याचे इतके दुःखद उदाहरण मला दुसरे आठवत नाही. दुष्टाला निदान आपल्याला कोणी अडवील अशी धास्ती असते. सज्जनाला ती नसते.

याच्या उलट चित्र १९९० साली दिसले. २ ऑगस्टला इराकच्या सद्दाम हुसेन यांनी कुवेत गिळले. थोरले बुश तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यांनी महिनोन् महिने राजधान्यांशी बोलणी केली, आणि २९ नोव्हेंबर रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १२ विरुद्ध २ मतांनी बळाच्या वापरास संमती दिली. तिसाहून अधिक देश बरोबर आले, त्यांत अरब देशही होते. कुवेत मोकळे झाल्यावर २८ फेब्रुवारी १९९१ रोजी युद्ध थांबले. ठराव कुवेतपुरता होता आणि सैन्य बगदादकडे गेले नाही.

पण याही चित्राला दोन डाग आहेत, ते झाकू नयेत. विरोधात मत देणाऱ्या दोन देशांपैकी येमेन हा अत्यंत गरीब देश. त्याने ‘नाही’ म्हणताच अमेरिकेने त्याची मदत आखडून घेतली. विचारले खरे, पण नकाराची किंमत ठरवून विचारले. दुसरे असे की, युद्ध थांबल्यावर सद्दाम यांच्याविरुद्ध उठलेले कुर्द व शिया लोक चिरडले गेले, आणि सर्वसंमत मर्यादा पाळणारी सैन्ये त्या काळात स्वस्थ राहिली.

आता २००३ सालाकडे येऊ. त्याआधी ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन व पेन्सिल्व्हेनियात मिळून सुमारे तीन हजार माणसे मारली गेली होती. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा समितीने निषेधाचा ठराव केला, आणि एका सभासदावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला, हे आपले कलम नाटो संघटनेने इतिहासात प्रथमच लागू केले. दुःखात शेजारी दाराशी आले होते. दीड वर्षात ते परत का गेले?

धाकटे बुश यांच्या सरकारने इराककडे महासंहारक शस्त्रे आहेत असे म्हटले. नोव्हेंबर २००२ मध्ये सुरक्षा समितीने पंधराच्या पंधरा मतांनी तपासणीचा ठराव केला आणि हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक इराकमध्ये गेले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी समितीपुढे पुरावे म्हणून जे मांडले त्यातील बरेचसे पुढे खोटे ठरले. हा आपल्या नावावरील डाग आहे असे त्यांनी २००५ साली स्वतःच कबूल केले. ब्लिक्स यांचे मार्चमधील म्हणणे असे की, काम संपविण्यास वर्षे लागणार नाहीत, पण काही महिने लागतील. ते महिने त्यांना मिळाले नाहीत.

युद्धासाठी दुसरा ठराव हवा होता. फ्रान्स, रशिया, जर्मनी विरुद्ध होते. ते मोठे देश, त्यांचे स्वार्थही मोठे. त्यांच्या विरोधात सगळीच तत्त्वनिष्ठा होती असे मानण्याचे कारण नाही. माझे लक्ष वेधले ते सहा लहानमोठ्या सभासदांनी: अंगोला, कॅमेरून, गिनी, चिली, मेक्सिको आणि पाकिस्तान. यांतील बहुतेकांना अमेरिकेची मदत किंवा बाजारपेठ हवी होती. त्यांच्यावर दडपण आले, दूत गेले, दूरध्वनी गेले. तरी मते जमली नाहीत. १७ मार्च रोजी ठराव मतास न टाकताच मागे घेण्यात आला, आणि २० मार्चला युद्ध सुरू झाले.

अमेरिका एकटी गेली असे मात्र तिने म्हटले नाही. इच्छुक राष्ट्रांची यादी प्रसिद्ध झाली, ती वाढत वाढत पन्नासाच्या जवळ गेली. प्रत्यक्ष चढाईत सैन्य होते ते मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व पोलंड यांचे. यादीत मात्र ज्यांना सैन्यच नाही असेही देश होते. त्यांपैकी कोस्टा रिका या देशाने आपले सैन्य १९४८ सालीच मोडीत काढले आहे. २००४ साली त्याच्या घटनापीठाने सरकारला बजावले की, हा पाठिंबा आपल्या राज्यघटनेशी विसंगत आहे, यादीतून नाव काढून घ्या. रहबामाच्या तरुण सोबत्यांची आठवण व्हावी अशीच ही यादी होती. जे ‘हो’ म्हणणार तेवढेच सल्लागार, बाकीच्यांना नुसते कळवायचे.

विचारणे आणि कळविणे यांतील फरक आपल्याला परका नाही. ज्याच्या देणगीतून उपासनामंदिराचे छप्पर झाले त्याला पंचांच्या सभेत काही विचारण्याऐवजी कळविण्याची सवय कशी लागते, आणि बाकीचे पंच माना कशा डोलावतात, हे ज्यांनी मंडळीचे काम केले आहे त्यांना सांगायला नको. मीही अशी मान डोलावली आहे.

बुश हे मेथॉडिस्ट. त्यांच्याच संप्रदायातील बिशपांनी युद्धाविरुद्ध आवाज उठविला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल पिओ लागी यांना मार्च २००३ मध्ये वॉशिंग्टनला पाठविले. जागतिक मंडळी परिषदेनेही विरोध केला. उलट सदर्न बाप्टिस्टांपैकी काही वजनदार पुढाऱ्यांनी हे न्याय्य युद्ध आहे असे अध्यक्षांना लिहून दिले. अध्यक्षांनी कोणाचे ऐकले हे सांगायला नकोच. पण ऐकण्यापूर्वी त्यांचा निश्चय झालेला होता की नंतर झाला, हा खरा प्रश्न आहे.

महासंहारक शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. २०११ साली अमेरिकेचे सैन्य परतले तोवर तिचे सुमारे साडेचार हजार सैनिक आणि एक लाखाहून अधिक इराकी नागरिक मरण पावले होते. तेथील ख्रिस्ती मंडळ्या अतिप्राचीन. मोसुल शहर तर योनाच्या निनवेच्या शेजारी वसलेले. युद्धानंतरच्या अराजकातून जे दहशतवादी उभे राहिले त्यांनी जुलै २०१४ मध्ये मोसुलच्या ख्रिस्ती कुटुंबांना घरादारासकट हुसकून लावले आणि योनाची म्हणून मानलेली कबर सुरुंगाने उडविली. ख्रिस्ती अध्यक्षाच्या युद्धाचे हे फळ सर्वाआधी कोणाच्या ताटात पडले ते आपण ध्यानात ठेवावे. भारतीय संसदेने एप्रिल २००३ मध्ये युद्धाविरुद्ध ठराव केला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय इराकमध्ये सैन्य पाठविणार नाही असे आपल्या सरकारने त्याच वर्षी जुलैत अमेरिकेला कळविले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे बहुमत घेतले की पाप फिटले! तसे मुळीच नाही. रामोथ-गिलादावर चालून जाण्यापूर्वी अहाबापाशी चारशे संदेष्टे एकमुखाने ‘जा’ म्हणत होते. ‘नाही’ म्हणणारा मीखाया एकटा होता, आणि खरा तोच होता. समुदायाच्या मागे लागून दुष्कर्म करू नये, ही आज्ञा निर्गमाच्या २३ व्या अध्यायात आहे. समुदाय कृतीने चुकतो तसा निष्क्रियतेनेही चुकतो. १९९४ साली रुआंडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे कापली गेली. कत्तल चालू असताना, २१ एप्रिल रोजी, सुरक्षा समितीने तेथील आपले सैन्य वाढविण्याऐवजी २७० माणसांवर आणण्याचा ठराव एकमताने केला. एकी होती, चर्चा होती, सर्व काही नियमानुसार होते. लोक चर्चमध्ये आश्रयाला गेले आणि चर्चमध्ये मारले गेले. त्या दिवसांत एखादे बलवान राष्ट्र कोणालाही न विचारता धावून गेले असते, तर मी त्याला दोष दिला नसता.

आणि आपण भारतीय तरी कोणत्या तोंडाने अमेरिकेला उपदेश करणार? १९६१ च्या डिसेंबरात आपण गोव्यात सैन्य पाठविले तेव्हा सुरक्षा समितीत सात राष्ट्रांनी आपल्याविरुद्ध व चारांनी आपल्या बाजूने मत दिले. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव पडला. जगाला शांततेचे पाठ देणाऱ्या नेहरूंनी शस्त्र उचलले, अशी पाश्चात्त्यांनी टीका केली. गोव्यातील आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना तो काळ आठवत असेल. त्यामागे १४ वर्षांच्या वाटाघाटी होत्या, १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर झाडलेल्या गोळ्या होत्या, आणि साडेचारशे वर्षांच्या परसत्तेचा अंत होता. पुढे १९७१ साली तर ७ डिसेंबर रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्ध थांबविण्याच्या ठरावाच्या बाजूने १०४ मते पडली आणि विरोधात केवळ ११. त्या अकरांत आपण होतो. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आलेले होते. इंदिरा गांधी त्याआधी पाश्चात्त्य राजधान्यांत जाऊन सांगून आल्या होत्या, आणि ऐकून घेण्यापलीकडे त्यांच्या पदरात फारसे काही पडले नव्हते.

मग १९७१ चे आपले पाऊल योग्य आणि २००३ चे अमेरिकेचे अयोग्य, असे आपण कशावरून म्हणतो? केवळ आपले म्हणून तर नव्हे ना? ही शंका मी बरेच दिवस मनात बाळगली आहे आणि ती पुरती गेली आहे असे सांगता येत नाही. एवढे दिसते की, १९७१ मध्ये माणसे मरत होती हे निर्विवाद होते, त्यासाठी कोणाच्या पुराव्याची वाट पाहावी लागत नव्हती. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाल्यावर पश्चिमेकडील युद्ध आपण स्वतःहून थांबविले, आणि मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य बांगलादेशातून परतले. म्हणजे एकटे जाणाऱ्याने आपणच आपल्याला मर्यादा घातली. इराकमध्ये सैन्य आठ वर्षांहून अधिक राहिले. परंतु सद्दाम यांनी १९८८ साली हलब्जा येथे विषारी वायूने मारलेल्या कुर्दांच्या नातलगांना विचारले, तर ते २००३ विषयी कदाचित निराळे बोलतील, आणि त्यांचे ऐकून घेणे आपल्याला भागच आहे.

राइनहोल्ड नीबुर हे आधी डेट्रॉइटमध्ये पाळक होते आणि नंतर धर्मज्ञानाचे प्राध्यापक झाले. युद्ध कधीच करू नये असे म्हणणाऱ्यांपैकी ते नव्हते. हिटलरविरुद्ध लढलेच पाहिजे असे त्यांनी आग्रहाने सांगितले. अमेरिकेच्या इतिहासातील विसंगतीवर त्यांनी १९५२ साली एक ग्रंथ लिहिला. त्यातील मुख्य विचार असा की, बलाढ्य राष्ट्राला त्याच्या दुष्टपणापेक्षा त्याच्या निष्पापपणाच्या कल्पनेपासून अधिक धोका असतो. माझ्या मते सहकार्याचे खरे कारण येथे आहे. चार देश बरोबर असले म्हणजे तोफा वाढतात, हे कारण गौण. पतित मनुष्यस्वभाव राष्ट्रांनाही आहे, आणि स्वतःच्या डोळ्यातील मुसळ स्वतःला दिसत नाही. ते पाहणारा दुसरा लागतो. तो दुर्बळ असला तर अधिक बरे, कारण आपल्या पायाखाली काय चिरडले जात आहे ते त्याला आधी कळते. येमेनची मदत तोडणाऱ्याने स्वतःचाच एक डोळा झाकून घेतला.

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जागतिक आरोग्य संघटनेतून आणि पॅरिसच्या हवामान करारातून बाहेर पडण्याच्या आदेशांवर सह्या केल्या. त्यामागे काही खऱ्या तक्रारी असतीलही. या संस्थांत ढिलाई व राजकारण नाही असे कोण म्हणेल? पण जेथे आपल्याला ‘नाही’ ऐकावे लागते ती बैठकच सोडून देणे, हा त्या तक्रारींवर उपाय आहे काय?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या विषयावर मोठ्या मुलांशी बोलताना गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडावा असे मी सुचवीन. पहिल्या अध्यायात पौल ठासून सांगतो की, त्याची सुवार्ता मनुष्याकडून आलेली नाही, ती येशू ख्रिस्ताच्या प्रकटीकरणाने आली. इतकी खात्री असलेल्या माणसाला कोणाला विचारण्याचे कारण काय? तरी तो चौदा वर्षांनी यरुशलेमास जातो आणि आपली सुवार्ता तेथील प्रमुखांपुढे मांडतो. आपली धाव व्यर्थ तर होत नाही ना, हे त्याला पाहावयाचे आहे. आणि त्याच अध्यायात पुढे अंत्युखियात तो सर्वांदेखत पेत्राला विरोध करतो, बर्णबासुद्धा दुसऱ्या बाजूला गेलेला असताना. एकटे उभे राहण्याचा अधिकार त्याला होता, कारण तो स्वतः जाऊन दुसऱ्यांपुढे उभा राहिलेला होता. मुलांना हे दोन्ही प्रसंग एका बैठकीत वाचून दाखवावे, आणि त्यांना भांडू द्यावे.

रहबामाच्या गोष्टीचा शेवट आपण बहुतेक वेळा वाचीत नाही. अदोरामाला लोकांनी दगडमार केल्यावर राजा रथात बसून यरुशलेमास पळाला आणि त्याने यहूदा व बन्यामीन यांतून एक लाख ऐंशी हजार निवडक योद्धे जमविले. राज्य परत मिळविण्याचा हक्क त्याचा होता, सैन्य त्याचे होते, आणि या खेपेस सल्लागारही बहुधा सगळे एका मताचे असतील. तेवढ्यात शमाया नावाचा देवाचा माणूस आला आणि म्हणाला की, आपल्या भाऊबंदांवर चालून जाऊ नका, घरी परत जा. त्याच्यापाशी एकही शिपाई नव्हता. रहबामाने आयुष्यात निदान एकदा ‘नाही’ ऐकले, आणि एक लाख ऐंशी हजार माणसे जिवंत आपापल्या घरी गेली.